अर्ध्या गुडघ्यानं भाजीबाजारापर्यंत

आमच्या ओट्याला दोन पायऱ्या. परवा काठी टेकत त्या उतरले आणि सातासमुद्रापार निघाल्यासारखं मागे वळून घराकडे पाहिलं. मुक्काम होता आमच्या पिंपळगाव राजा या गावचा भाजीबाजार. सोबतीला पुण्याहून आलेली माझी मुलगी वर्षा. तिच्या हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावर थेट परीक्षकाचा भाव.

अट तिचीच होती. माझा गुडघा बदलून, खरं तर अर्धाच बदलून, टाके केव्हाच निघाले होते. "कुणाचाही हात न धरता बाजारात जाऊन ये. नाही जमलं तर कायमची पुण्याला चल," असं म्हणून तिनं माझी बॅगसुद्धा भरून ठेवली होती. पुण्यात मी बाल्कनीतल्या कुंडीसारखी असते. पाणी वेळेवर मिळतं, पण बोलायला कुणी येत नाही. मला इथंच राहायचं होतं.

दहा पावलांवर शेजारच्या जनाबाईंनी अडवलं. बाज (सुतळीनं विणलेली खाट) अंगणात ओढली. "बसा न बाई! अर्धाच काऊन बदलला? बाकीचा डॉक्टरले सापडला नाही का?"

"बाकीचा चांगला आहे म्हणाले."

"पाहा बा! अर्ध्यासाठी अकोल्याले नेलं!"

आमच्याकडे आजाऱ्याला उभं ठेवलं तर घराची अब्रू जाते. पण ती बाज एवढी बुटकी आणि सैल, की एकदा बसले की उठायला हात लागणारच, आणि मग थेट पुणे. त्यांचा चहा उभ्यानंच प्यायले. पुढे किराणावाला दुकान सोडून प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन माझ्या मागे चालू लागला. "बाई, थकल्या तं सांगजा," असं तो दर वळणावर म्हणे. गिऱ्हाईक ओरडलं तेव्हा कुठे परतला.

खरा घाट लागला शकीलाभाभीच्या बांगड्यांच्या दुकानात. तिनं मोडा (वेताची बुटकी बैठक) पुढे सरकवला. "उभ्या काऊन बाई? घुटन्याले आराम द्या."

तेव्हा मला सुचलं. "भाभी, माझं राहू द्या. लेक माहेरी आली आहे, तिचे हात पाहा."

"या अल्ला, पोरीचे हात सुने!" भाभीनं वर्षाचं मनगट धरून तिला मोड्यावर बसवलं.

"अहो, मला आईसोबत..."

"हालू नको बेटा, काच हाये."

मी सटकले. बाजारात वांगी घेतली, मेथी घेतली आणि भाव करताना एका शेळीनं पिशवीतून मेथीची जुडी पळवली. मी तिच्यामागे धावले. मेथी गेलीच, पण थांबल्यावर लक्षात आलं की काठी वांग्यांच्या ढिगावरच राहिली आहे. मला इतकं हसू आलं, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शहाण्या बाईसारखी परत जाऊन काठी घेतली.

परतले तर वर्षा तिथंच. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, शेजारी रिकामे कप, मांडीवर चिवड्याची बशी. तिनं माझ्या पिशवीतली वांगी पाहिली, माझ्या पायांकडे पाहिलं. उठायला गेली आणि धपकन पुन्हा मोड्यावर बसली.

"आई, पायाला मुंग्या आल्यात गं. हात दे ना."

मी काठी बगलेत धरली आणि तिला ओढून उभं केलं.

घरी चांगला पाय आधी टाकत ओटा चढले. आत वर्षा माझी बॅग रिकामी करत होती. एकेक लुगडं कपाटात परत जाताना तिच्या बांगड्या वाजत होत्या, आणि तेवढं ऐकायला मी दारातच उभी राहिले.