गुडघ्याची वाटी आणि माझं पत्रक

आमच्या कुत्रीचा पाय आजाराने गेला असं आई लोकांना सांगते. ते खरं नाही. तो माझ्यामुळे गेला. दुसऱ्यांच्या चुका मी छापून वाटत आले, तेव्हा ही चूकही मीच लिहिली पाहिजे.

ती पोमेरेनियन आहे. चार किलोची, पांढरी, कानांवर तपकिरी. आई तलासरीकडच्या झरी गावी शाळेत शिकवते. तिथल्या एका बाईंची बदली झाली तेव्हा त्या तिला आमच्याकडे डहाणूला ठेवून गेल्या. ती चार पावलं नीट चालायची, मग मागचा उजवा पाय उचलून तीन पायांवर दोन उड्या मारायची, पाय झटकायची आणि पुन्हा नीट चालू लागायची. गल्लीतले लोक म्हणायचे, लंगडी खेळते. आम्हीही हसायचो.

लस टोचायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी तिचा गुडघा हातात धरला आणि मला म्हणाले, इथे बोट ठेवा. बोटाखाली हरभऱ्याएवढं काहीतरी टक्कन बाजूला सरकलं. ती गुडघ्याची वाटी. माणसाची असते तशीच. हाडात एक खाच असते, तिच्यात ती वरखाली सरकते. या छोट्या जातींमध्ये ती खाच उथळ असते, म्हणून वाटी आतल्या बाजूला घसरते आणि पाय अडकतो. मांडीवर मावतील अशी कुत्री हवीत म्हणून माणसं त्यांची पैदास करत राहतात, आणि त्या पिल्लांबरोबर कसले गुडघे येतात हे विकणारा सांगत नाही. याचा मला तेव्हा फार संताप आला होता. मी त्यावरही पत्रक लिहिणार होते.

डॉक्टरांनी सगळं स्वच्छ सांगितलं होतं. चार टप्पे असतात, ही दुसऱ्यात आहे. वजन वाढू द्यायचं नाही, उंचावरून उड्या बंद, रोज सपाट जमिनीवर थोडं थोडं चालवायचं म्हणजे मांडीत ताकद राहते. दर सहा महिन्यांनी दाखवायचं. वाढलं तर ऑपरेशन, पण लवकर; आताच सहा वर्षांची आहे, वय वाढलं की भूल झेपत नाही.

म्हणजे आम्हाला माहीत नव्हतं, ही सबब मला नाही.

इथल्या किनाऱ्यावर होऊ घातलेल्या वाढवणच्या बंदराविरुद्ध आम्ही काही तरुण मुलंमुली काम करतो. पत्रकं लिहिणं माझ्याकडे. एका बैठकीत हेच डॉक्टर उभे राहिले आणि म्हणाले, बंदर येऊ द्या, पोरांना इथेच कामं मिळतील. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी पत्रक लिहिलं. बंदराची बाजू घेणाऱ्याच्या दुकानाची आणि दवाखान्याची पायरी चढू नका. दवाखाना हा शब्द कोणासाठी घातलाय ते वाचणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं, आणि कळावं म्हणूनच मी तो घातला होता.

सहा महिने झाले. आई म्हणाली, हिला दाखवायचं होतं ना. मी म्हटलं, त्या माणसाकडे नाही. पुन्हा काही महिन्यांनी म्हणाली, आता उड्या जास्त मारते गं. सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या साहेबांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि डहाणूतल्या त्याच डॉक्टरांकडे जा म्हणाले. मी वापीला नेईन असं आईला सांगितलं. नेमका त्या आठवड्यात मोर्चा निघायचा. पुढच्या आठवड्यात बैठक असायची.

मोर्चाला मी तिलाही घेऊन जायचे. गळ्यात काळी फीत बांधलेली, पुढे पुढे लंगडी घालत चाललेली कुत्री. कोणीतरी तिचा व्हिडिओ काढला, तो सगळीकडे फिरला. खाली लोकांनी लिहिलं होतं, हिलाही बंदर नको. मला केवढा अभिमान वाटला होता. डांबरी रस्ता होता, कडक ऊन होतं, आणि ती दर चार पावलांना दुखणारा पाय उचलत होती.

दीड वर्षाने तो पाय ती टेकवेनाच. तेव्हा मी झरीच्या हाडवैद्याचं काढलं. माणसांची, बकऱ्यांची हाडं बांधणारा म्हातारा, आईच्या वर्गातल्या एका मुलीचा आजा. माझ्याकडे वाक्य तयार होतंच. हे आपल्या लोकांचं ज्ञान आहे, विकाऊ डॉक्टरांपेक्षा बरं. म्हाताऱ्याने पाय चाचपला, बराच वेळ चाचपला, आणि आईकडे बघून म्हणाला, "बाई, मोडलेलं असतं तर बांधलं असतं. हे मोडलेलं नाही. हे जागा सोडतंय. माझ्या हातातलं नाही, डॉक्टरला दाखवा."

त्याला त्याचं ज्ञान कुठपर्यंत चालतं ते ठाऊक होतं. मलाच नव्हतं. मी म्हटलं, बाबा, तुम्ही बांधून तर बघा. शाळेच्या बाई दारात आल्यात, त्यांना रिकामं कसं पाठवायचं, म्हणून त्याने बांबूच्या कामट्या आणि पाला लावून बांधलं. तीन आठवडे. सोडलं तेव्हा मांडी काडीसारखी झाली होती. चालण्याने जी काय ताकद उरली होती, तीही मी बांधून घालवली.

पुढच्याच आठवड्यात ती ओट्यावरून खाली उतरायला गेली आणि किंचाळली. कुत्रं असं ओरडतं हे मला माहीत नव्हतं. आईने तिला ओढणीत गुंडाळलं, रिक्षा थांबवली आणि मला न विचारता डॉक्टरांचा पत्ता सांगितला.

दवाखान्यात बाकावर आमच्याच गटातल्या एकाची मावशी बकरीची औषधं न्यायला बसली होती. शेजारी मोर्चात घोषणा देणारा एक मच्छीमार, त्याचं कोकरू घेऊन. मला बघून दोघंही ओशाळले, आणि मग मावशी म्हणाली, "अगं, जनावराला काय कळतंय बंदर?" पत्रक पाळलं होतं ते फक्त आमच्या घराने.

डॉक्टरांनी मला ओळखलं. पाय तपासत म्हणाले, "तुमचं पत्रक वाचलं होतं मी. कुत्र्यांनाही लागू होतं, ते कळलं नव्हतं."

यापेक्षा जास्त ते बोलले असते तर मला भांडता आलं असतं.

गुडघ्यातला बंध तुटला होता. वाटी आता कायमची बाहेर, हाड वळलेलं. सगळा भार घेऊन घेऊन डाव्या पायाचीही वाटी घसरू लागली होती. मग त्यांनी छातीला नळी लावली आणि कितीतरी वेळ ऐकत राहिले. पहाटे खोकते का, विचारलं. आई म्हणाली, हो. ते म्हणाले, हृदयाची झडप गळतेय, या वयात लहान कुत्र्यांना होतं. आता भूल दिली तर उठेल याची खात्री नाही.

मी विचारलं, "आधी आणलं असतं तर?"

"तेव्हा छाती स्वच्छ होती," ते म्हणाले. "मीच ऐकली होती."

परत येताना रिक्षात आई रडली नाही. बराच वेळ कुत्रीच्या कानांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या लढ्याला मी कधी आडवी आले नाही. हिला का ओढलंस त्यात, तेवढं सांग."

बंदराला माझा विरोध होता, आजही आहे. त्यात मला एका अक्षराचीही शंका नाही. पण त्या डॉक्टरला दोन वर्षांत माझ्या बहिष्काराने काय त्रास झाला? काहीच नाही. त्याचा बाक भरलेला होता.

आता ती ओसरीवर गोणपाटावर पडून असते. सकाळ-संध्याकाळ गोळ्या. शू-शीला मी पोटाखालून टॉवेल घालून उचलते. माझ्यावर तिचा राग नाही, हात चाटते. ते सगळ्यात वाईट.

संध्याकाळी तलासरीची बस आली की तिचे कान उभे राहतात. फाटक वाजलं, आईच्या चपलांचा आवाज आला, की ती अजून उठायला बघते, पुढचे पाय रोवते, मागचं अंग ओढते, आणि पडते. म्हणून आई हल्ली पुढच्या फाटकाने येत नाही. मागच्या बाजूने, विहिरीजवळ चपला हातात घेऊन, चोरासारखी स्वयंपाकघरात शिरते, आणि तिला झोप लागेपर्यंत तिथेच दिवा न लावता उभी राहते.