काकूंच्या गच्चीवरचं लुगडं

आमच्या गल्लीत रेडिओवरच्या हवामानापेक्षा समोरच्या काकूंच्या गच्चीवर जास्त भरवसा होता. त्यांनी कुरडया वाळत घातल्या, की वळीव यायचाच. एका जानेवारीत संक्रांतीचे तीळ धुऊन पसरले, तर तेव्हाही पाऊस आला. गच्चीवर जुनं लुगडं अंथरलेलं दिसलं, की मी छत्री घ्यायचो. काकूंना त्याचा भारी राग यायचा. "मी काय ढगाला चिठ्ठी धाडते व्हय?"

एका मे महिन्यात गल्लीतल्या नव्या कमानीचं उद्घाटन होतं. नगरसेवकांचा कार्यकर्ता सकाळीच काकूंच्या दारात आला. "मावशी, आज कुरडया घालू नका की. साहेबांचं भाषण हाय."

तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक तयार होता. तरी काकू म्हणाल्या, "बरं, न्हाय घालत. पण ध्यानात ठेव."

संध्याकाळी साहेबांनी माइक हातात घेतला आणि जोतिबाच्या डोंगराकडून आलेल्या वळवानं मांडव आडवा केला. सगळ्यांच्या माना गच्चीकडे वळल्या. काकू कठड्याशी चिंब उभ्या होत्या. रिकामं लुगडं दोन्ही हातांनी उंच धरून त्या ओरडल्या, "बघा की! एक तरी कुरडई हाय का?"

तेव्हापासून गच्ची रिकामी दिसली, तरी मी छत्री घेतो.