हिरव्या जाळीखालचे आबा

आबांच्या शोकसभेत मी त्यांच्याबद्दल फार चांगलं बोललो. त्यातलं एकही वाक्य मला मनापासून वाटत नव्हतं, हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. मला हा माणूस कधीच आवडला नाही. वर्षानुवर्षं मी समोरच्या घरातून त्यांच्याकडे बघत होतो आणि मनातल्या मनात त्यांना मूर्ख म्हणत होतो.

ब्राह्मणपुरीच्या रस्त्याने कधी गेला असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. मिरची-पपईच्या रोपांची नर्सरी, आणि दारात बियाण्याच्या कंपनीने फुकट दिलेली टोपी घातलेले आबा. गिऱ्हाईक फटफटीवरून उतरायच्या आत ते ट्रेमधलं एक रोप उपटून त्याच्या नाकासमोर धरायचे. "देख भाऊ, कसं काळंहिरवं शे! आनि उंची देख!" मग रोप तळहातावर आडवं ठेवून ते बोटांच्या पुढे किती जातं ते दाखवायचे. मिरचीचं रोप म्हणजे जणू लग्नाचा मुलगा. उभं धरलं की रोपाची मान वाकायची. ती आबा दुसऱ्या हाताच्या बोटाने हळूच सरळ धरून ठेवायचे, आणि गिऱ्हाइकाला ते बोट दिसत नाही असं समजायचे.

आजूबाजूच्या नर्सऱ्यांवर ऊन अडवायला पांढरी जाळी होती. आबांनी हिरवी लावली, तीही दुहेरी. कारण विचारलं की म्हणायचे, "हिरवाले हिरवंच मानवस." हे वाक्य त्यांना इतकं आवडायचं की सोयरीक जमवतानाही ते तेच म्हणायचे. समोरचे लोक माना डोलवायचे. गिऱ्हाइकंही रोपं घ्यायची ती उंची आणि काळाहिरवा रंग बघूनच.

मी शहाद्याला ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. घरी आम्हीही अहिराणीच बोलतो, पण आबांशी मी मुद्दाम पुस्तकी मराठीत बोलायचो. एकदा चार गिऱ्हाइकांसमोर मी त्यांना ऐकवलं, "आबा, हरितद्रव्य दोन प्रकारचं असतं, अ आणि ब. दोन्ही तांबडा आणि निळा प्रकाश शोषतात. हिरवा बहुतेक परत फेकतात, म्हणून तर पान हिरवं दिसतं. तुमची जाळी नेमकी हवी ती किरणं अडवते आणि नको ती आत सोडते."

आबांनी टोपी मागे सारली. "मास्तर, तुन्ह्या पुस्तकमा मिरची लागस का?"

गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, पण त्या दिवसापासून मी त्यांची नर्सरी बुडायची वाट बघू लागलो.

फार वाट बघावी लागली नाही. दुसऱ्याच हंगामात लोक तक्रार घेऊन परत येऊ लागले. कळसाडीचा एक तरुण शेतकरी वाळलेली रोपं पिशवीत भरून घेऊन आला. "आबा, तीन दिनमा रोपेसनी मान टाकी दिनी."

"पानी जास्ती दिधं व्हई."

"पानी बरोबर दिधं, आबा."

"मंग कमी दिधं व्हई."

मी माझ्या ओट्यावर चहा पीत होतो. असा गोड चहा मी कधी प्यालो नाही.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आबा रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. टोपी नव्हती. खुर्ची दिली तरी पायरीवरच बसले. हातात मिरचीची दोन पानं होती, एक जाळीखालचं, एक बाहेरच्या उन्हातलं. बायको चहा घेऊन दारात उभी होती.

"मास्तर, एक इचारू का? हासू नको. दोन्ही पानं हिरवीच शेतस. उलट मन्हं जास्ती हिरवं शे. मंग बाहेरनं जीव धरस, मन्हं काबर नही धरत?"

इतका नेमका प्रश्न मला माझ्या वर्गात कुणी विचारलेला नाही. मी पाय हलवत म्हणालो, "आबा, अकरावीत प्रवेश घ्या. मग सांगतो."

आबा हसले. दोन्ही पानं खिशात ठेवली, चहा संपवला, "हा, तेबी खरं शे" म्हणाले आणि गेले. बायकोने माझा चहा परत आत नेला.

आबांनी पुढचा हंगाम घेतलाच नाही. ट्रे भंगारात गेले. ते दिवसभर रिकाम्या शेडखाली बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पावसापाण्याचं विचारायचे. मला मात्र कधी हाक मारली नाही. वर्षभरात गेले. आता तिथे विटांचा ढीग आहे आणि गावच्या बकऱ्या त्यावर चढतात.

उत्तर अवघड नव्हतं. आबा, त्या दोन हरितद्रव्यांपैकी पानातलं मुख्य काम अ करतो. ब हा त्याचा हाताखालचा माणूस. अ च्या हातून निसटणारा निळा-तांबडा उजेड तो पकडतो आणि अ च्या ओंजळीत टाकतो. उजेड कमी पडला की पान ब ची माणसं वाढवतं, म्हणून काळंहिरवं दिसतं. खोड उजेड शोधत लांबत जातं आणि बारीक होतं. तुमच्या रोपांचा तो रंग तब्येतीचा नव्हता, उपासाचा होता. अशा उपाशी रोपाला एकदम उन्हात नेलं की ते मान टाकणारच. पांढरी जाळी लावा, लावणीआधी आठवडाभर रोज थोडं थोडं ऊन दाखवा, मग ती जगतील.

एवढंच होतं. चहा संपायच्या आत सांगून झालं असतं. आबा मला आजही मूर्खच वाटतात, यात बदल नाही. पण त्यांनी विचारलं होतं आणि मला येत होतं. ते उत्तर मी आबांना देणं लागतो. तुम्हाला सांगून ते फिटलेलं नाही.