नोराची खोली

नंदा गावंडे यांनी अमेरिकेत, न्यू जर्सीमधल्या एडिसनच्या एका शाळेच्या कँटीनमध्ये बावीस वर्षं काम केलं. डोक्याला जाळी, हातात मोजे आणि समोर पोरांची रांग. रिटायर झाल्यावर पहिले दोन महिने त्यांनी मनसोक्त झोप काढली, तिसऱ्या महिन्यात घरातली सगळी कपाटं दोनदा आवरली आणि चौथ्या महिन्यात नवरा देवदत्त हात जोडून म्हणाले, "नंदा, आता माझं कपाट तेवढं सोड."

लायब्ररीत एक कागद लावलेला होता. पंचवीस मिनिटांवरच्या गावात व्हिटलो हाऊस नावाचं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं घर म्युझियम म्हणून जपलेलं होतं आणि तिथं व्हॉलंटिअर हवे होते. नंदाताई स्वतः गाडी चालवत गेल्या. तिथल्या प्रमुख मॅरियन, साठीच्या, उंच आणि सदा घाईत असलेल्या. त्यांनी नंदाताईंना दारातल्या टेबलावर बसवलं. आलेल्यांची नावं लिहायची, ओल्या छत्र्या कोपऱ्यात ठेवायच्या, एवढंच काम.

घर दाखवायचं काम दुसऱ्यांचं. लोक पुढच्या दारानं आत येत, दिवाणखाना बघत, पियानो बघत, जेवणघरातली चांदी बघत. स्वयंपाकघरात दोन मिनिटं डोकावत आणि निघून जात.

एकदा एका मुलीनं स्वयंपाकघरातली लोखंडी इस्त्री बघून विचारलं, "ही पुरेशी तापली हे कसं कळायचं?" दाखवणारे गृहस्थ गोंधळले. म्हणाले, बहुतेक हात जवळ नेऊन बघत असतील. नंदाताईंना राहवलं नाही. टेबलामागून उठून त्या दारापर्यंत आल्या.

"पाण्याचा थेंब टाकायचा," त्या म्हणाल्या. "नुसता सुकला तर अजून थांबायचं. तडतडून उडाला तर झाली तयार. आणि कपड्यावर न्यायच्या आधी जुन्या फडक्यावर एकदा फिरवायची, नाहीतर काजळी लागते."

लोक गेल्यावर मॅरियननं विचारलं, "हे तुला कसं ठाऊक?"

"आमच्या घरी कोळशाची होती. अकोटला. मी बारा वर्षांची होईपर्यंत."

मॅरियननं एकदा इस्त्रीकडे आणि एकदा नंदाताईंकडे पाहिलं. ज्या वस्तू ती काचेआड ठेवत होती त्या हाताळलेली बाई दारात छत्र्या सांभाळत बसली होती. पुढच्या शनिवारपासून नंदाताई स्वयंपाकघरात उभ्या राहू लागल्या.

तिथं त्यांचं मन रमलं. शेगडीची मोठी बहीण शोभावी अशी कोळशाची चूल होती. कपडे घासायची खरखरीत फळी होती, पिळून काढायचे दोन रूळ होते. भिंतीवर घंटांची पाटी होती. वरच्या कोणत्या खोलीतून कोण बोलावतंय ते तिच्यावर खाली कळायचं. त्या घंटा बघून नंदाताईंना पहिल्यांदा प्रश्न पडला, की या ऐकायच्या कोणी?

मॅरियननं जनगणनेच्या कागदाची प्रत काढून दिली. सन १९१० : चार्ल्स व्हिटलो, पत्नी एडिथ, दोन मुलं आणि सगळ्यात खाली, 'नोरा, वय १९, नोकर, जन्म आयर्लंड.' आडनावाच्या जागी शाईचा डाग पडलेला.

"ती राहायची कुठे?"

"वर माळ्यावरच्या खोलीत. तिथं आम्ही कुणाला नेत नाही. जिना अरुंद आहे आणि बघण्यासारखं काही नाही."

नंदाताई त्याच दिवशी वर गेल्या. एक पलंग, एक खिळा, एक लहान खिडकी. छप्पर इतकं उतरतं की खिडकीशी जाताना वाकावं लागे. खरंच बघण्यासारखं काही नव्हतं. त्या तिथं बराच वेळ उभ्या राहिल्या.

मग त्यांनी एडिथ बाईंची टिपणवही वाचायला मागितली. पाहुणे कोण आले, काय शिजलं, कोणते पडदे धुतले, असल्या नोंदी. अक्षर तिरकं आणि बारीक. नंदाताई रोज दहा पानं वाचायच्या आणि घरी येऊन देवदत्तना सांगायच्या. १९१६ च्या मार्चमध्ये एका सोमवारची नोंद होती : 'नोरा आज गेली. दिव्यांच्या कारखान्यात लागली आहे. मी विचारलं, इथं काय कमी होतं? म्हणाली, काही नाही, पण तिथं संध्याकाळ माझी असते.'

"अहो, ऐका," नंदाताई म्हणाल्या आणि ते वाक्य पुन्हा वाचलं.

देवदत्तनी टीव्ही बंद केला. "मग? त्या एडिथ बाईंचं पुढं काय झालं?"

पुढं तर खरी गंमत होती. एडिथ बाईंनी दीड वर्षात तीन मुली ठेवल्या आणि तिघीही निघून गेल्या. कोणी दुकानात लागली, कोणी कारखान्यात. गावातल्या सगळ्याच घरांतून तेच चाललं होतं. मग एक दिवस नोंद : 'पाव मी केला. करपला. चार्ल्सनी काही न बोलता खाल्ला.' पुढं घरात वीज आली, १९१९ मध्ये कपडे धुण्याचं यंत्र आलं, आणि घंटांचा उल्लेख वहीतून कायमचा गेला.

नंदाताईंनी मॅरियनला म्हटलं, "हे घर मागच्या दारानं दाखवायला हवं. स्वयंपाकघर, मागचा जिना, नोराची खोली. ती गेल्यामुळे हे घर बदललं."

मॅरियनला पटलं, पण म्युझियमच्या कमिटीतले हॅरोल्ड नावाचे वयस्क गृहस्थ सौम्यपणे म्हणाले, "लोक पियानो बघायला येतात, मिसेस गावंडे." विषय तिथंच मिटला.

पण उन्हाळ्यात दिवाणखान्याच्या छताचा गिलावा सुटला आणि पुढची बाजू दोन महिने बंद ठेवावी लागली. म्युझियमला कुलूप लावायचं की काय, असा प्रश्न आला तेव्हा मॅरियननं सरळ फोन केला. "तुझं मागचं दार उघडूया."

आता नंदाताईंना धडकी भरली. स्वयंपाकघरात दोन वाक्यं बोलणं वेगळं आणि पाऊण तास इंग्रजीत बोलणं वेगळं. कँटीनमध्ये 'नेक्स्ट' आणि 'केअरफुल, हॉट' यावर वर्षं निघाली होती. देवदत्तनी तयारी करून घेतली. ते स्वतः व्हिजिटर होऊन घरच्या किचनमध्ये फिरत आणि मुद्दाम आडवे प्रश्न विचारत.

"मॅडम, बाथरूम कुठंय?"

"अहो, असं कोण विचारतं!"

"सगळे पहिलं तेच विचारतात. बोल, उत्तर दे."

पहिल्या शनिवारी सातजण आले. त्यांत एक कुटुंब होतं आणि त्यांची मुलं सांभाळणारी, ग्वातेमालाहून आलेली मारिसोल नावाची तरुण बाई. नंदाताई सुरुवातीला अडखळल्या, पण विजेच्या शेगडीवर तापवलेली इस्त्री हातात आल्यावर जीभ सुटली. पाण्याचा थेंब तडतडून उडाला तशी मुलं ओरडली. मग सगळे मागच्या जिन्यानं एकेक करून वर गेले.

माळ्यावर नंदाताईंनी वहीतलं ते वाक्य वाचून दाखवलं. मारिसोल खिडकीशी वाकून बाहेर बघत होती. तिनं विचारलं, "तिला सुट्टी कधी असायची?"

"गुरुवारी दुपारी. आणि एकाआड एक रविवार."

मारिसोल हसली. "माझी पण गुरुवारीच." तिच्याबरोबरच्या मालकीणबाई क्षणभर खाली बघत राहिल्या आणि मग त्याही, थोड्या ओशाळून, हसल्या. खाली उतरताना मुलांना धरायला मालकीणबाई स्वतः पुढं झाल्या.

दोन महिन्यांत बातमी पसरली. शाळा येऊ लागल्या. कुणी पणजीचा फोटो घेऊन आलं, कुणी आजीच्या मोलकरणीची आठवण. गिलावा दुरुस्त झाला, दिवाणखाना उघडला, पण मागच्या दाराची फेरी बंद झाली नाही. हॅरोल्डही एकदा मुकाट्यानं रांगेत उभे राहिले. वर पोचल्यावर दम खात म्हणाले, "पंधरा वर्षं कमिटीवर आहे. या खोलीत आज आलो."

नंदाताईंनी नोराचा पुढं शोध घेतला. गावातल्या रहिवाशांच्या १९२१ च्या छापील यादीत एक नोरा सापडली. कारखान्यातली कामगार, आणखी दोघींबरोबर भाड्याच्या घरात. तीच असेल याची खात्री नाही, आणि त्यानंतर काहीच नाही. पूर्वी त्यांना अशा अर्धवट गोष्टीनं चुटपुट लागली असती. आता त्या लोकांना तेवढंच सांगतात : ही कदाचित आपली नोरा, घर इथून चार गल्ल्यांवर, आणि कारखाना साडेपाचला सुटायचा.

फेरी संपली की त्या आणि मॅरियन मागच्या पायरीवर डबा खातात. परवा पोहे होते. मॅरियननं शेंगदाणे वेचून आधी संपवले आणि विचारलं, पुढच्या वर्षी चूल खरोखर पेटवायची परवानगी मिळाली तर त्यावर काय करशील?

"भाकरी," नंदाताई म्हणाल्या, आणि पीठ कुठल्या दुकानातून आणायचं याचा विचार करत डब्याचं झाकण लावलं.