सोयाबीनचं उदाहरण

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. पोराला तर नाहीच — त्याच्यापायीच तर झालं. तुम्हाला का सांगते आहे? कोण जाणे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी विज्ञान शिकवते, रिसोडच्या शेजारच्या मालेगाव तालुक्यातल्या एका शाळेत, नववीला. आनुवंशिकतेचा धडा माझ्या भारी आवडीचा. सोयाबीनचं उदाहरण देते — एकाच थैलीतलं बी, अर्धं काळ्या रानात पेरलं, अर्धं बरडावर. बरडावरचं खुरटलं, तर दोष बियाण्याचा का? पोरं शेतकऱ्यांची, लगेच नाही म्हणतात. मग सांगते, माणसांचंही तसंच. एखाद्या समाजाची पोरं मागे दिसली म्हणून त्यांच्या रक्तातच अक्कल कमी, असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. छान बोलते मी. अगदी भाषण.

रेखा तांड्यावरची. दिवाळी झाली की आईबापासोबत ऊसतोडीला जायची, होळीच्या सुमारास यायची, आणि मैत्रिणींना विचारून विचारून सगळा अभ्यास भरून काढायची. माझा अनिकेत तिच्याच वर्गात. त्याला शिकवणी, घरात आई मास्तरीण, सकाळी भिजवलेले बदाम — आणि तरी रेखा त्याच्या पुढे. मला कौतुक वाटायचं हो तिचं, खोटं कशाला बोलू? पण जीवही जळायचा. बदाम खातो माझा आणि पुढे जाते ही!

तो धडा झाला तेव्हा ती उसावर होती. आल्यावर एकदा मधल्या सुट्टीत टेबलाशी येऊन उभी राहिली. हात पाचटानं चिरलेले.

"मॅडम, बाबा म्हनते शिकनं आपल्या रक्तातच नाही. खरं हाय का? तुमी नाही म्हनलं त मी त्यायले सांगतो, दहावी करतो."

उत्तर मला येत होतं. दरवर्षी देतच होते की. तोंडाशी आलं होतं — आणि मी म्हणाले, "असतं गं थोडंफार रक्तात. मनाला लावून नको घेऊ." वर तिच्या केसांवरून हात फिरवला. तो हात खरा होता, हे कसं सांगू तुम्हाला? माझी माया होती तिच्यावर. आणि म्हणूनच तिला ते पटलं.

पुढच्या दिवाळीला गेली, ती शाळेत परत आलीच नाही. दहावीला अनिकेत पहिला आला. मी पेढे वाटले.

परवा, इतक्या वर्षांनी, रिसोडच्या स्टँडवर भेटली. गर्दीतून हाक मारत आली, पाया पडली. सोबत तिची चिमुरडी, एसटीची पाटी अक्षर अक्षर लावून वाचत होती.

"हिले शाळेत टाकलं, मॅडम. सारखं काहून, काहून इचारत राह्यते," रेखा हसत म्हणाली. "पन म्या आताच सांगून ठेवलं, आपल्या रक्तात नसते ते, लय मनावर घेऊ नको. तुमी मले सांगतलं होतं ना? तवापासून मले कशाचं वाईटच नाही वाटलं."

आभार मानल्यासारखं बोलली. एकच वाक्य बोलायचं होतं मला. गाडी सुटायला अवकाश होता, ती समोर उभी होती.

मी पोरीच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला, गुणाची आहे गं, म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.