मागची जागा

शनिवारी सकाळी ईराला सरावाला सोडायला निघालो होतो, तेवढ्यात शैलाताईंच्या मुलाचा फोन आला. "आई गेली, पहाटे." मी गाडी बंद केली. मागे हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेल्या लेकीला कसं सांगावं ते सुचेना...

शैलाताई नॉटिंगहॅमच्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होत्या. एका बॉबस्ले खेळाडूची पाठ बरी करता करता त्यांनाच त्या, बर्फाच्या उतारावरून घसरगाडी पळवायच्या, खेळाचं वेड लागलं. मूळच्या नागपूरच्या, थंडीच्या नावाने बोटं मोडणाऱ्या; पण निवृत्त झाल्यावर आमच्या मराठी मंडळातल्या मुलांना त्यांनी या हिवाळी खेळाला जुंपलं. इंग्लंडात बर्फाचा ट्रॅक नाही म्हणून अडून बसतील त्या शैलाताई कसल्या? शाळेमागच्या उतारावर त्यांनी चाकांची स्लेड, म्हणजे तसलीच घसरगाडी, आणली. दोघांनी ढकलत धावायचं, टुणकन आत बसायचं. पुढच्याने दिशा सांभाळायची. मागच्याने मान खाली घालायची आणि शेवटची रेषा ओलांडली की ब्रेक ओढायचा.

आता आम्ही पडलो मराठी आईबाप. प्रत्येकाला आपलं पोर पुढेच हवं. ईराला त्यांनी आर्यनच्या मागे बसवलं तेव्हा माझं डोकं फिरलं. "ताई, शी इज द क्विकेस्ट. ती ड्रायव्हिंगला हवी," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

"म्हणूनच मागे," त्या शांतपणे म्हणाल्या. "पुढच्याला सगळं दिसतं रे. काही न दिसता ट्रस्ट करायचं आणि दुसऱ्याला सेफली थांबवायचं, दॅट्स द हार्ड बिट."

मी नाक फुगवून तीन शनिवार ईराला पाठवलंच नाही. चौथ्या शनिवारी तीच बूट घालून दारात उभी. "बाबा, मी नसली तर आर्यनला कोण स्टॉप करणार?" मी गाडी काढली. ताईंनी एका शब्दाने विचारलं नाही. तिच्या हेल्मेटचा पट्टा तेवढा आवळून दिला. सॉरी म्हणायचं माझ्याकडून राहिलं ते राहिलंच. त्याची लाज अजून वाटते.

ताई गेल्यानंतर पाच आठवड्यांनी, परवा, सराव पुन्हा सुरू केला. आता तो माझ्याकडे आहे. ब्रेकच्या दांड्यावर ताईंनी गुंडाळलेली निळी टेप तशीच आहे, त्यांच्या मुठीने मधोमध पांढरी पडलेली. एक नवे बाबा मुलाला घेऊन आले. "हा खूप फास्ट आहे हं. पुढे बसवा."

"म्हणूनच मागे," मी म्हणालो. त्यांचं तोंड वाकडं झालं. मला ते तोंड चांगलंच ओळखीचं होतं.

त्या मुलाच्या हेल्मेटचा पट्टा आवळून दिल्यावर ईराने त्याचा हात धरून टेपवर ठेवला, बरोबर पांढऱ्या जागी. "इथे पकड," ती म्हणाली. "शैलाआजी इथेच पकडायची."