दुसऱ्या सिनेमाचा पाट

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, युरोपातल्या तरुण सिनेदिग्दर्शकांना घाम फोडण्याचं महत्कार्य काही वर्षं आमच्या रोह्यात चालत असे. स्थळ, कुंडलिकेजवळचं एक मंगल कार्यालय. साहित्य, एक पांढरी चादर, भाड्याचा प्रोजेक्टर आणि माझा लॅपटॉप. कार्याचे प्रमुख, आमच्या सिनेमंडळाचे अध्यक्ष.

अध्यक्षांचा पेणला गणपतींचा कारखाना होता. सिनेमातलं त्यांना काही कळत नाही, असं त्यांचे शत्रू म्हणत. आम्ही मित्रही तेच म्हणायचो, फक्त समोर नाही. सिनेमा संपला, दिवे लागले, की ते उठत, शर्टावरची शाडूची पांढरी पूड झटकत आणि डोळे मिटून निकाल देत, "हात नवा हाय, पण माती चांगली."

हे प्रत्येक सिनेमाला. ज्या सिनेमात ते पहिल्या दृश्यापासून घोरत होते, त्यालासुद्धा.

ही भानगड सुरू कशी झाली? अध्यक्ष परदेशी गणपती पाठवत. तिकडच्या एका गिऱ्हाइकाची मुलगी सिनेमा शिकत होती. तिने आपला पहिला सिनेमा यांना पाठवला. पेणला सगळे मूर्तींच्या कामात बुडालेले, म्हणून यांनी तो रोह्यात आणून दाखवला, आणि मग लॅपटॉपवर तिच्याशी सर्वांसमक्ष गप्पा मारल्या. तिने मित्रमैत्रिणींना सांगितलं की, हिंदुस्थानात एक गाव आहे, तिथली माणसं सिनेमा शेवटपर्यंत बघतात. बस्स! पहिला सिनेमा केलेल्या माणसाला बघणारा मिळत नाही हो. रांग लागली.

नियम एकच, पहिलाच सिनेमा दाखवायचा. मी कारण विचारलं.

"अरे, दुसरा केला की ही पोरं आपला फोन उचलणार नायत."

आता आमचे प्रेक्षक बघा. कंपनीतली शिफ्ट संपवून आलेले आम्ही, पूल ओलांडून आलेले नदीपलीकडच्या अष्टमी गावचे लोक, आणि पेणच्या खाडीकडच्या मिठागरात राबणाऱ्या बायका. त्यांना अध्यक्ष स्वतः पॅसेंजरने घेऊन येत. त्यांची म्होरकी एक मावशी. तिचा आवाज असा, की माइक तिच्यापुढे लाजून बंद पडायचा. परतीच्या गाडीची वेळ झाली की या बायका उठत. पडद्यावर कुणी बिचारा बालपणातल्या दुःखाबद्दल बोलत असायचा, आणि त्याच्या डोळ्यांदेखत निम्मा हॉल चपला शोधायला लागायचा. "याला सांगा, राग नको मानू, उशीर झाला तर पेण येईपर्यंत गाडीत जागा मिळत नाय," असं मावशी जाता जाता म्हणे.

मुलाखतीच्या आधी सत्कार. पाहुणा पडद्यावर असला म्हणून काय झालं? पहिल्या वेळी अध्यक्षांनी शाल झटकली आणि प्रेमाने माझ्या लॅपटॉपवर पांघरली. वर नारळ. शालीखालून आवाज येत राहिला, "हॅलो? हॅलो? इथे अंधार झालाय." शाल काढली, तर नारळ बरोबर कॅमेऱ्यासमोर. त्या पोराने चांगला वेळ नारळालाच आपली भूमिका समजावली.

अध्यक्षांचं इंग्रजी गिऱ्हाइकांच्या फोनवर घडलेलं. 'साइझ कन्फर्म', 'कलर फायनल', 'ब्रेकेज नॉट अवर रिस्पॉन्सिबिलिटी'. एवढ्या भांडवलावर ते दुभाष्याचं कामही करत. एका जर्मन दाढीवाल्याला आमच्या फिटरने विचारलं, "तुमचा हिरो एवढा वेळ भिंतीकडे का बघतो?" दाढीवाला एकटेपणावर, शहरांवर, युद्धावर बोलत राहिला. अध्यक्षांनी शांतपणे ऐकलं आणि आमच्याकडे वळून सांगितलं, "म्हणतो, पैशे संपले व्हते."

सगळ्या हॉलने हळहळून मान हलवली. ती मान हलताना बघून दाढीवाल्याचे डोळे भरून आले. म्हणाला, मला इतकं कुणी कधीच समजून घेतलं नव्हतं.

मी तुम्हाला विचारतो, यात खोटं काय होतं?

मग आली पोर्तुगालची पोरगी. तिचा सिनेमा तिच्या वडिलांवर, आणि वडील मिठागरात राबणारे! अध्यक्ष आनंदाने वेडे झाले. खाडीकडच्या जादा बायका आणल्या. सिनेमात म्हातारा मीठ ओढतो. मग मीठ ओढतो. मग थोडं थांबून पुन्हा मीठ ओढतो. मावशी अंधारात ओरडली, "अवो अध्यक्ष, दिवसभर ह्याच करतो आम्ही. संध्याकाळी पन ह्याच?"

पण सिनेमा संपल्यावर उठलं कुणी नाही. मावशीनेच पहिला प्रश्न टाकला, "तुज्या बापानं बघितला का गो?"

पोरीने नकारार्थी मान हलवली. मग बोलली. वडील बघायला आलेच नाहीत. गावात दाखवला तर चार माणसं आली, त्यांतली दोन चुकून. मोठ्या महोत्सवांनी परत पाठवला. पुढच्या आठवड्यापासून ती तिकडे आपल्या आत्याच्या बेकरीत कामाला लागणार होती. म्हणाली, हा माझा पहिला आणि शेवटचा. तुम्हाला शेवटचं दाखवायचं होतं, म्हणून फोन घेतला.

एवढं इंग्रजी मला येत होतं. मी अध्यक्षांकडे बघितलं. त्यांनी रुमालाने मान पुसली.

"काय म्हनली?" मावशीने विचारलं.

"म्हणते... दुसरा चालू करतेय."

टाळ्यांनी हॉल दणाणला. स्टेजमागच्या कापडावर आदल्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं होती, त्यातलं 'शुभ' खाली पडलं. पोरगी गोंधळली. या टाळ्या कशाला, म्हणून तिने विचारलं.

तुम्हाला माहीतच आहे, आमच्याकडे गणपती सांगायचा म्हणजे घरचा पाट कारखान्यात नेऊन ठेवायचा. पाट ठेवला की मूर्तिकार बांधला गेला. त्या पाटावर देव बसवूनच तो घरी पाठवायचा. अध्यक्षांनी कार्यालयाच्या स्वयंपाकघरातून जेवणावळीचा एक पाट मागवला, खडूने त्यावर काहीतरी खरडलं आणि कॅमेऱ्यासमोर धरला.

"मॅडम, युवर सेकंड पिक्चर. बुकिंग डन. धिस बोर्ड, माय शॉप. नो बोर्ड गोज होम एम्प्टी."

पाट म्हणजे काय, हे मग मी माझ्या इंग्रजीत समजावलं. पोरगी हसली. हसता हसता म्हणाली, आणि मी बनवलाच नाही तर?

"देन बोर्ड इज वेटिंग," अध्यक्ष म्हणाले. "व्हेरी बॅड फॉर माय शॉप."

गाडीची वेळ झाली होती. कुणी उठलं नाही. त्या दिवशी बायकांना खांब गावच्या एका टेम्पोवाल्याने पेणला सोडलं, आणि मावशीने त्याला वाटभर सिनेमाची गोष्ट सांगितली. त्यात म्हातारा शेवटी सिनेमा बघायला येतो.

पाट कारखान्याच्या फळीवर गेला. दर चतुर्थीला बाकीचे पाट देव घेऊन घरी जात. हा एकटा राही. मी चिडवायचो, "अध्यक्ष, पोर्तुगालचं गिऱ्हाईक बुडालं." ते ब्रश न थांबवता म्हणायचे, "ओल हाय अजून. वाळू दे." इतर वेळी जिभेला हाड नसलेला हा माणूस या एका बाबतीत थट्टा सहन करत नसे, हे मला उशिरा कळलं. एकदा भाच्याने जागा हवी म्हणून पाट खाली काढला, तर दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत.

मग एका हंगामात, अर्ध्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी व्हायची बाकी असताना, अध्यक्ष गेले. डोळे भाच्याने रंगवले. त्या वर्षी पेणचे बरेच गणपती किंचित चकित दिसत होते.

आणि पुढच्या उन्हाळ्यात मला पोर्तुगालहून निरोप आला. सिनेमा तयार आहे. पहिला प्रयोग तुमच्याकडे.

तेच कार्यालय, तीच चादर. पाट भाच्याने धुऊनपुसून आणला होता. आम्ही तो लॅपटॉपखाली ठेवला. सिनेमा बेकरीवर होता आणि, खरं सांगतो, कॅमेरा बराच हलत होता. दिवे लागले. सवयीने सगळ्यांनी पुढच्या खुर्चीकडे पाहिलं. निकाल द्यायला कुणी उठलं नाही.

पोरगी पडद्यावर आली. गावातल्या प्रयोगाला वडील या वेळी पहिल्या रांगेत बसणार आहेत, म्हणाली. मग डोळे बारीक करून आमच्यातून कुणाला तरी शोधत राहिली. "ते शॉपवाले कुठे आहेत?"

दुभाष्याची खुर्ची आता माझी. अध्यक्ष असते तर काहीतरी फर्मास थाप मारली असती. मला थाप सुचली नाही. सांगून टाकलं.

तिने तोंडावर हात धरला. चादरभर तिचा चेहरा आणि त्यावरून ओघळणारं पाणी.   आणि मागच्या रांगेतून मावशी ओरडली,

"अगो रडतेस काय! तिसऱ्याचा पाट आता कुनाकडं ठेवायचा, त्या सांग आधी!"